दचक्यांची वही

ग्रासिएला : ढवळणं पुरे आता. गूळ कधीच विरघळला, पेल्याचा तळ झिजेल.

ऑरेलियो : तुम्हीच सांगा दोन्या ग्रासिएला, मी तिला काय कमी केलं? मुलांना शाळेत चालत नेताना ती धरतात ना, त्या माझ्या दोरीच्या शेवटच्या कडीला ती दोन वर्षं होती. ते शेपूट मी कुणालाही देत नाही. मागं लक्ष ठेवूनही जो पुढच्याच्या पायात पाय घालत नाही, त्यालाच देतो. असं एखादंच मूल असतं.

ग्रासिएला : मारिलूसचं चाललंय का?

ऑरेलियो : काल संध्याकाळी तिच्या आईनं चिठ्ठी पाठवली. माझ्या मुलीला चालत्या रांगेतून काढून सायकलींच्या रांगेत घालावं, मार्गदर्शकानं मोकळीक देऊन सही करावी. खाली नुबियाची सही. आणि त्या सहीशेजारी मारिलूसनं हिरव्या खडूनं आपलं नाव काढलंय. ते कुणी मागितलं नव्हतं.

ग्रासिएला : मग कर की सही.

ऑरेलियो : चिठ्ठी खिशात आहे.

ग्रासिएला : खिशात ठेवून उबवणार आहेस का? पिल्लू निघायचं नाही त्यातून.

ऑरेलियो : काल ती आली नाही. आजही नाही. त्यांच्या दाराशी मी चार मिनिटं थांबलो. नुबिया तर पहाटे चारलाच उत्तरेकडे कामाला निघून जाते. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, पोट दुखतंय पोरीचं. पोट कसलं, रुसवा आहे तो. सायकल मिळेपर्यंत शाळाच नको.

ग्रासिएला : आणि तू चिठ्ठी दाबून बसलायस. म्हणजे रुसवा दोघांचा.

ऑरेलियो : मार्चमध्ये तेवीस मुलं होती माझ्याकडे. आता नऊ. दोरीला कड्या तेवढ्याच आहेत, चौदा रिकाम्या लोंबत येतात. पाहुणे येणार म्हणून मांडून ठेवलेल्या खुर्च्या असतात ना, आणि कुणी येत नाही, तशा.

ग्रासिएला : तुझं बोलणं म्हणजे पत्र वाचल्यासारखं असतं, पोरा. तिकीट लावून पेटीत टाकावंसं वाटतं. अरे, सगळ्या बोगोतात तुझ्यासारखे दोरीवाले आहेत. पोरांच्या त्या लांबलचक गोमेतून कुणाचे पाय गळले नाहीत? पोरं मोठी होतात, त्यांना चाकं हवी असतात.

ऑरेलियो : चाकं हवी असती तर मला वाईट वाटलं नसतं. त्यांना तो सायकलींच्या रांगेचा दुवान हवा असतो.

ग्रासिएला : तो हसतो रे त्यांच्यात.

ऑरेलियो : मी हसत नाही का?

ग्रासिएला : हसतोस. आधी परवानगी मागून.

ऑरेलियो : त्याला सायकल कुणी शिकवली, ठाऊक आहे तुम्हाला? मी. वरच्या फुटबॉलच्या मैदानावर, माझ्या काकाच्या जुन्या सायकलवर. मी मागून सीट धरून धावायचो आणि ओरडायचो, चाकाकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ. तीन दिवसांत तो सुटला आणि चौथ्या दिवशी माझ्या पुढं गेला. आता शनिवारी त्याच मैदानावर तो तीसतीस मुलांना शिकवतो, आणि माझंच वाक्य म्हणतो. शब्द न् शब्द. मी कुंपणाबाहेर उभा राहून ऐकलंय.

ग्रासिएला : कुंपणाबाहेर कशाला? फाटक उघडं असतं.

ऑरेलियो : आत गेलो असतो तर त्यानं सगळ्यांना सांगितलं असतं, हा बघा, माझा गुरू. टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. त्याचं मोठं मन सोसवत नाही मला.

ग्रासिएला : बरं, ते मन ठेव बाजूला. आठ वाजता ती इंजिनीअर बाई येणार ना, तुमच्या वह्या न्यायला?

ऑरेलियो : इथंच येणार आहेत. तुमच्याच टेबलावरून नेतील.

ग्रासिएला : मला एकदा नीट सांग. पोर थोडक्यात वाचलं की तुम्ही त्या वहीत लिहायचं. कुठं, किती वाजता, कशामुळं. आणि वह्या वाचून ती ठरवणार, रस्ता कुठं उचलायचा ते. हेच ना?

ऑरेलियो : हेच. कचेरी त्याला नोंदवही म्हणते, आम्ही दचक्यांची वही म्हणतो. यंदा आपल्या वस्तीला एकच उंच पट्टा मंजूर झालाय. तिथं रस्ताच फूटपाथच्या पातळीला आणतात. कितीही मोठा ट्रक असो, त्याला वेग मोडावाच लागतो.

ग्रासिएला : दुवानचे दचके किती?

ऑरेलियो : एकेचाळीस. सात महिन्यांत. कुत्रं आडवं आलं तरी लिहितो तो.

ग्रासिएला : आणि तुझे?

ऑरेलियो : वही कोरी आहे.

ग्रासिएला : दोन वर्षांत एकही नाही?

ऑरेलियो : एकही नाही.

ग्रासिएला : मंगळवारचा?

ऑरेलियो : मंगळवारी काही झालं नाही.

ग्रासिएला : माझ्याकडे बघून म्हण.

ऑरेलियो : तुम्ही वचन दिलं होतंत, दोन्या.

ग्रासिएला : दिलं. तुझा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता म्हणून दिलं. आणि पोरगी रडत नव्हती. न रडणारं पोर मला बघवत नाही. खाणीचा ट्रक पंक्चरवाल्याच्या कोपऱ्यावर वळला, त्याचा आरसा तिच्या दप्तराला लागला आणि ती भोवऱ्यासारखी फिरली. या डोळ्यांनी बघितलं मी. तव्यावरच्या सहा मक्याच्या अरेपांचा कोळसा झाला त्या दिवशी.

ऑरेलियो : कोपर खरचटलं. तेवढंच.

ग्रासिएला : आणि तिला काय सांगितलंस, तेही ऐकलं मी.

ऑरेलियो : हे आपल्या दोघांतलं गुपित, असं म्हणालो.

ग्रासिएला : सात वर्षांच्या पोरीला गुपित म्हणून ट्रक दिलास.

ऑरेलियो : असं बोलू नका ना.

ग्रासिएला : मग कसं बोलू? मी पत्र नाही लिहीत, मी अरेपा भाजते. का लिहिलं नाहीस?

ऑरेलियो : पहिल्या वर्षी दोनच दचके होते. एक मोटरसायकल, आणि एकदा बसचं दार उघडं राहिलं होतं. वाटलं, लिहिण्यासारखं काय आहे त्यात? वर्षाच्या शेवटी पालकांची सभा झाली. मुख्याध्यापकांनी माझी वही उंच धरली आणि पानं फरफर उलटून दाखवली. म्हणाले, बघा, याला म्हणतात सांभाळणं. सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या. माझ्यासाठी कधी कुणी उठलं नव्हतं दोन्या, बसमध्येसुद्धा. पुढच्या महिन्यात तिसरा दचका आला. रात्री लिहायला बसलो. पण तिसरा लिहिला की कुणीतरी विचारणार, पहिले दोन कुठं आहेत. मग चौथा आला. त्या चौथ्याच्या आड तिसरा लपवला.

ग्रासिएला : झाकली मूठ सव्वा लाखाची.

ऑरेलियो : हो.

ग्रासिएला : अरे, पण मुठीत पोरं आहेत. त्यांना श्वास लागतो.

ऑरेलियो : आता लिहिलं तर मला काढतील. तीन महिने चौकशी, तोवर दोरी दुसऱ्याच्या हातात. नियमात स्पष्ट आहे, त्याच दिवशी नोंद. आणि ही नऊ मुलंही मग कुठं जातील? वर. त्याच्याकडे. चालणाऱ्यांची रांग या वस्तीतून संपेल आणि तो म्हणेल, बिचारा ऑरेलियो. मनापासून म्हणेल. तेच सोसणार नाही.

ग्रासिएला : कॉफी चढवते. बघ, नाव घेतलं आणि हजर. सहीचं तू सांगतोस की मी सांगू?

ऑरेलियो : काही सांगू नका. कृपा करा.

(दुवान सायकल भिंतीला टेकवतो, हेल्मेट हँडलला अडकवतो आणि बाकावर ऑरेलियोच्या शेजारी येतो.)

दुवान : दोन्या, काळी कॉफी. आणि चीजचा पाव उरला असेल तर दोन. ऑरेलियो, सरक की जरा. तुझ्या दुःखाला अख्खा बाक लागतो का?

ऑरेलियो : बस. तुझी जागा कुठंही होतेच.

दुवान : हां. आज वारा त्या बाजूचा आहे तर.

ग्रासिएला : पाव एकच आहे. दुसरा यानं घेतला आणि कुस्करून ठेवलाय.

दुवान : एक बास. गड्या, मारिलूसची चिठ्ठी तुझ्याकडे आली ना? सही करून दे. शनिवारपासून तिला मैदानावर घेतो.

ऑरेलियो : एकतीस पुरत नाहीत?

दुवान : पुरत नाहीत म्हणून नाही रे. उलट हेल्मेट कमी पडतंय. तिच्यासाठी माझ्या भाचीचं आणावं लागणार आहे.

ऑरेलियो : मग नको घेऊस. मला एकच सांग, कशानं भुरळ घातलीस तिला? घंटीनं? की त्या चमकणाऱ्या जाकिटानं? इतकी शांत मुलगी आहे ती. दोन वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. आणि तुझ्याकडे अर्ज घेऊन आली.

दुवान : भुरळ? मी?

ऑरेलियो : तुला कळतसुद्धा नाही, हेच तर आहे. तू नुसता कोपऱ्यावर येतोस आणि लोकांच्या माना वळतात. शाळेत वर्गातही तसंच होतं. मी उत्तर लिहायचो, तू मोठ्यानं वाचायचास, आणि शाबासकी वाचणाऱ्याला.

दुवान : पंधरा वर्षं झाली त्याला. तू अजून त्याच बाकावर बसलायस का?

ऑरेलियो : तो बाक मोडला नाही अजून.

ग्रासिएला : माझा मोडेल. दोघं हळू बोला.

दुवान : हे बघ, तुला ऐकायचंय का नाही? काल दुपारी मी मैदानावर ब्रेक आवळत बसलो होतो. ही आली. एकटीच. कोपराला फडकं बांधलेलं.

ऑरेलियो : काल तिचं पोट दुखत होतं.

दुवान : दुखत असेल. पाय चालत होते. म्हणाली, मला तुमच्या रांगेत घ्या. म्हटलं, चालवता येते? नाही. म्हटलं, शिकायचंय? तर त्यालाही नाही. सायकलला बोट लावलं नाही तिनं. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, याचीच तिला धास्ती. घंटी वाजवून दाखवली तर दोन पावलं मागं सरली.

ऑरेलियो : मग कशाला आली?

दुवान : तेच मी विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं. तुमची रांग पंक्चरवाल्याच्या कोपऱ्यावरून जाते का.

ग्रासिएला : ऑरेलियो, पेला खाली ठेव. सांडतोय.

दुवान : मी म्हटलं, नाही, आम्ही वरच्या रस्त्यानं जातो. तर म्हणाली, मग मला घ्या. मी म्हटलं, का गं, त्या कोपऱ्यावर काय आहे? ओठ असे घट्ट मिटले. म्हणाली, ते सांगायचं नसतं, ते गुपित आहे. मी चॉकलेट देऊन बघितलं, चिडवून बघितलं. नाही म्हणजे नाही. तुझ्या दोरीचं शेपूट आहे ती, पक्की आहे. आईलाही म्हणाली म्हणे, सायकल आवडते. बास, एवढंच.

ऑरेलियो : एवढंच म्हणाली?

दुवान : एवढंच. आता तू सांग, कोपऱ्यावर काय झालं?

ग्रासिएला : मी तवा घासते. माझं तोंड माझ्या ताब्यात राहीनासं झालंय.

दुवान : ऑरेलियो.

ऑरेलियो : मंगळवारी खाणीचा ट्रक आला. आरसा तिच्या दप्तराला लागला.

दुवान : तिला नाही ना?

ऑरेलियो : चार बोटं अलीकडे असती तर तिलाच. दप्तरात वह्या होत्या म्हणून ती नुसती फिरली. मी उचललं. धूळ झटकली. तिच्या हातात पाव दिला आणि सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. तिनं पाव खाल्ला नाही. शाळेच्या फाटकापर्यंत हातात तसाच धरून नेला, आणि तिथं मला परत दिला.

दुवान : वहीत लिहिलंस?

ऑरेलियो : नाही.

दुवान : त्या कोपऱ्यावरचा हा पहिलाच?

ऑरेलियो : पाचवा. पाचही ट्रकचेच. एकूण अकरा आहेत.

दुवान : अकरा. आणि वही?

ऑरेलियो : कोरी.

दुवान : ती कोरी वही. अरे देवा. तुला कल्पना आहे का, त्या वहीनं माझं काय केलंय?

ऑरेलियो : तुझं? तुझं काय होणार?

दुवान : प्रत्येक महिन्याला, प्रत्येक सभेत. पावसात भिजून एकतीस पोरं फाटकात सोडून येतो मी, आणि एखादी आई उठते. ऑरेलियोकडे दोन वर्षांत एक नाही, आणि तुमच्याकडे एकेचाळीस कसे? पोरं घेऊन शर्यती लावता का? दोघींनी काढून घेतली पोरं. एकीनं तर तोंडावर सांगितलं, हसणारा माणूस मला चालत नाही, त्या गंभीर मुलासारखा हवा. मी घरी जाऊन आरशासमोर गंभीर व्हायला शिकत होतो. बहीण म्हणाली, दात दुखतोय का?

ग्रासिएला : हसू नये, पण हसू येतंय मला.

दुवान : हसा. मी नाही हसलो तेव्हा. विचार करायचो, हा कसा चालवतो? असं काय आहे त्याच्याकडे? एकदा सकाळी तुझ्या मागून आलो. शपथ. सायकल घरी ठेवून, टोपी घालून, अर्ध्या गल्लीचं अंतर राखून. तू प्रत्येक फाटकाशी थांबून पोराच्या बुटाची नाडी बघतोस. वळणाच्या आधी दोरी दोनदा हलवतोस आणि सगळी गोम एकदम थांबते. मला वाटलं, हे मला जन्मात जमायचं नाही. पोटात इतकं दुखलं म्हणून सांगू.

ऑरेलियो : तू माझ्या मागून आला होतास?

दुवान : मेमध्ये. तू वळून बघितलंही नाहीस.

ऑरेलियो : मी त्याच महिन्यात मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा राहत होतो.

दुवान : कशाला?

ऑरेलियो : असंच. पाय तिकडे वळायचे.

ग्रासिएला : दोन घोडे एकमेकांच्या तोबऱ्यात तोंड घालायला बघतायत, आणि दाणा दोन्हीकडे तोच. साडेसात झाले. बाई वक्तशीर आहे, आठ म्हणजे आठ.

दुवान : लिही.

ऑरेलियो : लिहिलं तर दोरी जाईल.

दुवान : जाईल कदाचित. आणि नाही लिहिलं तर? उद्या ती बाई वह्या उघडेल. माझी भरलेली, तुझी कोरी. म्हणेल, खालचा रस्ता अंगणासारखा सुरक्षित आहे, तिथं काही करायला नको. पट्टा वर बांधतील. तुझा कोपरा आहे तसाच राहील.

ऑरेलियो : पट्टा वर बांधला तर तुझ्या मुलांना मिळेल. तुला तो हवाय. सात महिने त्याचसाठी लिहितोयस.

दुवान : हवाय ना. हवाच आहे. माझ्या नाक्यावर मोटरसायकली माशांसारख्या घोंगावतात. आणि तू लिहिलंस तर तो माझ्या हातून जाईल, तेही मला कळतं. बाई मागच्या वेळी म्हणाली होती, ट्रकचा एक दचका मोटरसायकलच्या दहांना भारी. तुझ्याकडे ट्रकचे पाच. माझे एकेचाळीस गेले पाण्यात.

ऑरेलियो : मग मला लिही म्हणून का सांगतोस?

दुवान : मला ते आवडतंय असं समजू नकोस. अजिबात आवडत नाहीये. तुझ्या दारात पट्टा बांधतील आणि मी रोज वरून तो बघत जाईन. पण काल ती पोरगी कोपराला फडकं बांधून उभी होती, आणि मला वाटत होतं, हिला माझी सायकल हवीय. मी खूश झालो होतो गड्या. बत्तिसावी, असं मनात म्हणालोसुद्धा. आणि तिला फक्त तो कोपरा चुकवायचा होता. ना तू, ना मी. आपण दोघं तिच्या हिशेबात नव्हतोच.

ग्रासिएला : एवढं शहाणं आज पहिल्यांदा बोललास. कॉफी माझ्याकडून.

ऑरेलियो : खालची मुलं दुसरीकडून नेता येत नाहीत, दुवान. मी सगळं बघितलंय. नाल्याच्या बाजूच्या पायऱ्या खचल्यात, मागच्या गल्लीत कुत्री. तो कोपरा टळत नाही. रोज तिथं पोचायच्या आधी माझे तळहात ओले होतात. दोरी ओली होते. मारिलूसला ते शेपटापर्यंत कळत असणार.

दुवान : म्हणून तर. पेन आहे का?

ऑरेलियो : पेन आहे. वहीसुद्धा आहे. तारखा काढायला वेळ लागेल असं वाटलं होतं, पण सगळ्या पाठ आहेत. एकही विसरलेलो नाही.

ग्रासिएला : हा कागद घाल खाली, टेबल ओलं आहे. आणि आधी ती चिठ्ठी.

ऑरेलियो : चिठ्ठीवर सही करतो. ही घे. तिला सायकल जबरदस्तीनं शिकवू नकोस.

दुवान : नाही. सध्या मागच्या सीटवर बसवून नेईन. घंटी काढून ठेवतो हवं तर.

ऑरेलियो : घंटीपेक्षा, तिला सांग की गुपित संपलं. मी सांगितलंय म्हणून सांग. नाहीतर ती कुणाला बोलणार नाही, आईलाही नाही.

दुवान : ते मी सांगणार नाही. ते तू सांग. संध्याकाळी जाऊ, नुबिया घरी आली की. मी बाहेर थांबेन.

ऑरेलियो : आत ये. तू असलास की बोलणं सोपं जातं. कबूल करायला आवडत नाही, पण जातं.

ग्रासिएला : बोलत बसू नका. वीस मिनिटं राहिली आणि अकरा लिहायचेत.

दुवान : तू लिही, मी वाचतो, म्हणजे काही सुटणार नाही. मंगळवारपासून सुरू कर, मग मागं मागं जा.

ऑरेलियो : जुन्या सवयीप्रमाणे. मी लिहायचं, तू वाचायचं.

दुवान : या वेळी शाबासकी कुणालाच नाही, घाबरू नकोस. "मंगळवार, सकाळी सहा वाजून सात मिनिटं. पंक्चरवाल्याचा कोपरा. खाणीचा ट्रक वळताना आरसा मुलीच्या दप्तराला लागला. मुलगी फिरून पडली, उजवं कोपर खरचटलं." ठीक. अक्षर तुझं अजून तसंच आहे, छापल्यासारखं. आता शेवटचा रकाना. कारण. तिथं लिही, भरधाव ट्रक, आंधळं वळण, पट्टे पुसलेले.

ऑरेलियो : लिहिलं.

दुवान : मग खाली ये. पुढची तारीख.

ऑरेलियो : थांब जरा. अजून राहिलंय.

दुवान : कारणाच्या रकान्यात एवढं काय लिहितोयस? बघू. "त्या क्षणी मार्गदर्शकाचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं." हे कशाला? खोड ते. बाकीच्यावर फार तर चौकशी होईल. या एका ओळीवर तुला उद्याच घरी पाठवतील.

ऑरेलियो : खरं आहे ते.

दुवान : कुठं होतं लक्ष?

ऑरेलियो : वर. सहा वाजून सात मिनिटांनी तुझी रांग वरच्या रस्त्यावरून जाते. त्या कोपऱ्यावरून धुक्यात नुसती पिवळी जाकिटं दिसतात, एकामागून एक. मी दोरी हलवायला विसरलो.

दुवान : अरे, एखाद्या क्षणी कुणाचंही लक्ष जातं. माझं जात नाही का? म्हणून तर रस्ता उचलून द्या म्हणतोय ना आपण, माणसाच्या डोळ्यांवर सोडू नका म्हणून. एक नजर वर गेली, त्यात काय एवढं?

ऑरेलियो : एक नजर नव्हती, दुवान. मी तुझी मुलं मोजत होतो. सत्तावीसपर्यंत पोचलो होतो.